मूठ बरोबर, नजर चुकीची: चवथीच्या बैठकीत पकडल्या गेलेल्या नाण्याचे प्रकरण

गणेश चवथीचा दुसरा दिवस, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले एक वडिलोपार्जित घर. रात्रीची आरती संपलेली, घुमट आणि शामेळ ही आरतीची वाद्ये भिंतीला टेकवून ठेवलेली, माटोळीसमोर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीसमोर, चटयांवर घरची पंधरा-वीस माणसे बसलेली. गणित शिकवणारे एक शिक्षक, वय ३४, उभे राहून दहा रुपयांचे नाणे उजव्या हाताने डाव्या मुठीत ठेवतात, मुठीवर फुंकर घालतात आणि मूठ उघडतात. नाणे नाही. टाळी पडायच्या आत पुढे बसलेला ११ वर्षांचा भाचा म्हणतो, “मामा, तो हात उघड.”

‘तो’ हात म्हणजे उजवा. नाणे तिथेच होते.

या प्रकरणाचा अभ्यास करण्याजोगा भाग असा, की शिक्षकांची हातचलाखी कच्ची नव्हती. चार महिने रोज अर्धा तास आरशासमोर सराव झालेला होता. नाणे एकदाही पडले नाही, बोटांतून चमकले नाही, आवाज झाला नाही. त्या रात्रीचे मोबाइलवरचे चित्रीकरण सावकाश वेगाने पाहिले तरी नाणे उजव्या हातात राहिल्याचे दिसत नाही. भाच्यालाही ते दिसलेले नव्हते. तरीही तो बरोबर त्या हातावर गेला, आणि त्याच्या मागोमाग निम्मी खोली गेली.

चित्रीकरणात काय सापडले

चित्रीकरण आधी आवाज बंद करून पाहायचे आणि पहिल्या फेरीत हातांकडे अजिबात बघायचे नाही, फक्त डोळे बघायचे. तसे केल्यावर पहिली चूक लगेच वर आली. डावी मूठ बंद झाल्याबरोबर शिक्षकांची नजर अर्धा सेकंद उजव्या हातावर जाऊन आली. नाणे नीट बसले ना, एवढेच पाहायला. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. माणूस समोरच्याच्या नजरेचा माग फार पटकन काढतो, आणि मुलेही त्याला अपवाद नाहीत.

दुसरी चूक उजव्या हाताच्या ठेवणीत होती. रिकामा हात कसा असतो हे पाहायचे असेल तर हात बाजूला सोडून दोनदा झटकावा आणि तसाच वर उचलावा. बोटे अर्धवट वळलेली, अंगठा तर्जनीच्या जवळ सैल पडलेला. शिक्षकांचा हात छातीच्या उंचीवर गोठला होता, अंगठा ताठ उभा, करंगळी बाहेर. नाणे लपले होते, पण ते सांभाळण्याचे कष्ट लपले नव्हते.

तिसरी चूक वेळेची. नाणे ठेवले, फुंकर, मूठ उघडली, सगळे मिळून दीड सेकंद. कारण आणि परिणाम इतके चिकटून आले की प्रेक्षकाला मागे जाऊन विचार करायला एकच पायरी उरली: आत्ता मुठीत नाही, म्हणजे गेलेच नव्हते.

चौथी चूक तोंडची. “हे बघा, नाणं मी या हातात ठेवतोय.” खरेच ठेवणारा माणूस असे बोलत नाही. पाण्याचा तांब्या खाली ठेवताना कोणी ‘बघा, तांब्या ठेवतोय’ म्हणत नाही. जी गोष्ट गृहीत धरली जायला हवी ती तोंडाने सांगितली, की ती वादाचा मुद्दा होते. मूठ उघडल्यावर डाव्या हाताची पाचही बोटे ताणून दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवणे हा त्याचाच पुढचा भाग. हात दाखवून अवलक्षण. एक हात इतक्या आग्रहाने रिकामा दाखवला, की दुसरा आपोआप आरोपी ठरतो.

पाचवी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा बैठकीचा दोष. प्रेक्षक जमिनीवर, कलाकार उभा. चटईवर मांडी घालून बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरच्याही खाली असतात आणि उभ्या माणसाच्या छातीजवळचा हात सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे तळहात खाली वळवून लपवलेले नाणे पुढच्या रांगेला खालून थेट दिसू शकते. त्या रात्री ते दिसले नाही, कारण घरातला दिवा वर होता आणि तळहात सावलीत होता. हा निव्वळ योग. घरगुती कार्यक्रमात, देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या वर्गात आपल्याकडे लोक खालीच बसतात. उभ्याने करायच्या नाण्याच्या जादू अशा बैठकीत उभ्याने करू नयेत.

लक्ष ‘विचलित’ करणे ही समजूतच नडते

मिसडायरेक्शनला मराठीत ‘लक्ष विचलित करणे’ म्हणतात आणि शिकणारा इथेच घसरतो. त्याला वाटते, आपले काम म्हणजे प्रेक्षकाला गुपितापासून दूर हाकलणे. मग तो उगाच हात उडवतो, मोठ्याने बोलतो, फुंकरी घालतो. हाकलल्याचे प्रेक्षकाला कळते. खरे काम उलट बाजूने करायचे असते: प्रेक्षकाच्या लक्षाला दुसरीकडे मनापासून करावेसे वाटेल असे काम द्यायचे, आणि ते काम संपून तो श्वास सोडेल त्या सांध्यात आपला हात उरकायचा. ज्याने आरतीत घुमट वाजवला आहे त्याला हा सांधा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेवटचा द्रुत ठेका थांबतो, सगळे एकदम सैल होतात, हात आरतीच्या ताटाकडे जातात. त्या दोन-तीन सेकंदांत शेजारच्याने खिशात काय घातले हे कोणालाही सांगता येणार नाही. डोळे उघडेच असतात, फक्त पहारा उठलेला असतो.

हे आता प्रयोगशाळेतही तपासले गेले आहे. गुस्ताव कून आणि बेंजामिन टॅटलर या संशोधकांनी २००५ साली प्रेक्षकांच्या नजरेचा माग काढून दाखवले, की डोळे नेमके कुठे रोखलेले होते यावरून गुपित पकडले जाईल की नाही हे ठरत नव्हते. कून आणि मायकल लँड यांच्या २००६ च्या प्रयोगात चेंडू हवेत फेकल्याचा नुसता आविर्भाव केला होता. जादूगाराची नजर वर गेली तेव्हा सुमारे ६८ टक्के लोकांना चेंडू वर जाताना ‘दिसला’. तीच हालचाल करताना तो हाताकडेच बघत राहिला तेव्हा हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. हात तोच, फेक तीच. फरक एका नजरेचा. स्कॉटलंडमधल्या आयर गावचा किराणा दुकानदार जॉन रॅम्झी (१८७७–१९६२) हा नाण्यांच्या जादूतला मोठा उस्ताद. त्याची शिकवण या प्रयोगांच्या कितीतरी आधीची आहे: लोकांनी वस्तूकडे बघावे असे वाटत असेल तर आपण वस्तूकडे बघावे, आपल्याकडे बघावे असे वाटत असेल तर त्यांच्याकडे बघावे.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र नजर दुरुस्त करणे पुरेसे नव्हते. त्यांचा प्रयोगच एका हालचालीचा होता. भाच्याने मामाला नाणे एका हातातून दुसऱ्यात ठेवताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, ती ठेवण खोटी होती. तुलनेला खरी ठेवण त्याच्या डोळ्यांपुढे आलीच नव्हती, विश्वास बसायला काही आधारच नव्हता. म्हणून लक्ष वळवण्याची कला सुट्या ‘गायब’वर शिकता येत नाही, ती सलग बांधलेल्या प्रयोगातच शिकता येते. त्यासाठी निवडला तो नाण्यांच्या जादूतला जुना, कसलेला प्रकार: तीन नाणी एकेक करून डाव्या हातातून उजव्यात जातात. लोकांना तीन माहीत, प्रत्यक्षात चार.

नाणी

क्लासिक पामसाठी, म्हणजे अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीच्या बाजूचा मांसल भाग यांत कडेने नाणे धरण्यासाठी, फार लहान नाणे चालत नाही. २०१९ पासूनचा रुपया २० मिलिमीटरचा आहे, मोठ्या माणसाच्या तळहातात तो पोहतो. दहाचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे, वजन पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास. मध्यम हाताला हे उत्तम. पिवळी कड आणि पांढरा गाभा यांमुळे ते दिव्याखाली लांबूनही ओळखू येते. वीसचे नाणेही २७ मिलिमीटरचेच आणि वजनाला साडेआठ ग्रॅम, पण त्याला बारा कोन आहेत. ते तळहाताला टोचतात, आणि टोचले की हात आखडतो. पाश्चात्त्य पुस्तकांत जो अर्धा डॉलर सांगतात तो ३०.६ मिलिमीटरचा. गोव्यातल्या काही जुन्या घरांत १८८१–८२ सालचा चांदीचा पोर्तुगीज ‘रुपिया’ असतो. ११.६६ ग्रॅमचे ते नाणे हातात सुरेख बसते, पण वारशाच्या नाण्यावर सराव करू नये. घामाने आणि घासून त्याचे नुकसानच होते.

चारही नाणी एकाच छापाची हवीत. दहाच्या नाण्याचे इतके छाप निघाले आहेत, की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सर्व १४ छाप चलनात वैध असल्याचे जाहीर करावे लागले. वेगळ्या छापाचे एकच नाणे मध्ये आले, की प्रयोग मोडतो आणि का मोडला हे करणाऱ्याला कळतही नाही. झीज आणि चमकही सारखी बघावी. चार नवी नाणी घेऊन एकदमच वापरायला काढणे सगळ्यात सोपे.

भाद्रपदातल्या दमट हवेत हाताचा घाम हा वेगळा प्रश्न. किंचित ओलसर तळहाताला नाणे चांगले धरते, पण पाणी सुटलेल्या हातात ते आधी घसरते आणि नंतर सोडायच्या वेळी चिकटून बसते. सुती रुमालाला हात पुसून घ्यावा. पावडर लावू नये, नाण्यावर पांढरे ठसे उठतात.

प्रयोगाची बांधणी

मामा आता खाली, प्रेक्षकांच्या पातळीवर मांडी घालून बसतात. पुढ्यात चार पदरी घडीची चादर, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर. मऊ कापडावर नाणे उसळत नाही आणि कड दाबली की दुसरी बाजू वर येऊन चटकन उचलता येते. उघड्या फरशीवरून नाणे उचलताना नखे खरवडतात आणि लय तुटते. डावी आणि उजवी जागा एकमेकींपासून वीतभर किंवा थोडी जास्त लांब ठेवायची, म्हणजे दोन्हींकडे एका नजरेत बघता येत नाही.

बटव्यातून चारही नाणी उजव्या हाताने काढायची, तीन चादरीवर टाकायची, चौथे उजव्या तळहातात राहते. आता उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने एकेक नाणे उचलून डाव्या तळहातावर ठेवायचे, दर वेळी डावी मूठ मिटते आणि पुढच्या नाण्यासाठी उघडते. तीन ठेवणी, तिन्ही खऱ्या. डावी मूठ किंचित झटकायची, उजवी उघडायची: लपलेले नाणे चादरीवर पडते. मग डाव्या हातातली दोन सोडायची आणि तिसरे अनामिका व करंगळीच्या मुळाशी दाबून ठेवायचे. जास्तीचे नाणे आता डावीकडे आले.

दुसऱ्या फेरीत शटल पास लागतो. डावीकडच्या दोनपैकी एक नाणे उजव्या हाताने उचलून मधल्या बोटांवर उघडे दाखवायचे आणि डाव्या हातात टाकल्यासारखे करायचे. टाकायचे मात्र नाही. उजवा हात पालथा होतो त्याच क्षणी डावा उताणा होतो आणि त्याच्या बोटांवरचे आधीचे लपलेले नाणे ‘आत्ता पडलेले’ म्हणून दिसते. इथे दोनच गोष्टी बिघडतात. दोन्ही हात एका वेळी वळले नाहीत तर क्षणभर दोन्ही पालथे किंवा दोन्ही उताणे दिसतात. आणि डाव्या बोटांवरचे नाणे उजव्याच्या तुलनेत वेगळ्या पेरावर असेल तर ते उडी मारून आल्यासारखे वाटते. दोन्ही हातांत नाणे त्याच पेरावर ठेवायची सवय लावली, की हा पास आठवड्याभरात जमतो. मग दुसरे नाणे डाव्यात खरोखर ठेवायचे आणि उजव्या हाताने उजवीकडचे नाणे उचलायचे. आता डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पण लोकांच्या हिशेबात उजवीकडे एक.

साऱ्या प्रयोगात नाणी एकमेकांना लागल्याच्या आवाजाने घात होऊ शकेल अशी जागा हीच एक. डावीकडे दोन असल्याचे लोकांना माहीतच असते, ती खणखणली तरी बिघडत नाही. तिसऱ्या फेरीत उजवीकडे दोन अपेक्षित असतात आणि असतात तीन, तिथला आवाजही खपतो. इथे मात्र एकट्या समजल्या जाणाऱ्या नाण्याने आवाज करायचा नाही. उचललेले नाणे मुठीत टाकायचे नाही, अंगठ्याने लपलेल्या नाण्यावरून सावकाश सरकवायचे आणि दोन्ही एकत्र दाबून धरायची.

तिसऱ्या फेरीआधी जास्तीचे नाणे कायमचे नाहीसे करायचे असते. ते झाले, की शेवटचे नाणे अंगठा-तर्जनीने डाव्या तळहातावर ठेवल्याचा आभास करून उजव्यातच ठेवायचे. डावी बोटे मिटत असताना त्यांच्या आडून उजवा अंगठा नाणे मागे ओढतो. तोवर प्रेक्षकांनी हीच ठेवण चार वेळा पाहिलेली असते, चारही खऱ्या. पाचवी खोटी आहे असे मानायला कारणच नसते. उजव्या हाताला लगेच खरे काम असते, उजवीकडची दोन नाणी उचलण्याचे. त्यामुळे तो छातीशी गोठून राहत नाही. चवथीच्या रात्री जे डागडुजीने जमले नसते ते बांधणीने जमले.

गाडी कुठे अडली

चवथ ते तुळशीचे लग्न, म्हणजे आपली व्हडली (मोठी) दिवाळी, जेमतेम साडेनऊ आठवडे. पहिले दोन आठवडे लपवाछपवी बंद. रोज ५० वेळा नाणे खरोखर एका हातातून दुसऱ्यात ठेवायचे आणि मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक मीटरवर ठेवून ते टिपायचे. आरसा काढून टाकला. आरशासमोर शिकणारा स्वतःच्या हाताकडे बघायला शिकतो, शिवाय गुपिताच्या नेमक्या क्षणी डोळे मिचकावतो आणि स्वतःची चूक स्वतःपासूनच लपवतो.

खऱ्या ठेवणीच्या या चित्रीकरणातून एक उपयोगी गोष्ट कळली. नाणे खरेच ठेवताना माणूस ते टेकेपर्यंतच त्याच्याकडे बघतो, नंतर मान वर करतो. मिटलेल्या मुठीकडे टक लावून कोणी बघत नाही. म्हणजे ‘खोट्या मुठीकडे रोखून बघा’ हा नवशिक्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा. नजर नाण्याबरोबर जावी आणि मग लोकांकडे उठावी. मूठ वर नेतानाही ती सरळ न नेता कमानीसारखी वळवून न्यावी. २०११ साली होर्हे ओतेरो-मियान, सुसाना मार्टिनेझ-कोंदे आणि सहकारी संशोधकांनी दाखवले, की वळणदार हालचालीमागे डोळे सलग ओढले जातात, तर सरळ हालचालीत ते उड्या मारत जातात. वळणदार हालचालीने भूल अधिक पक्की पडते, हेही त्यांना दिसले.

तिसऱ्या आठवड्यापासून दहा ठेवणींत एक खोटी. पाचव्यापर्यंत शटल पास बसला. सहाव्यात सगळे जोडले आणि गाडी अडली ती जास्तीचे नाणे नाहीसे करण्याच्या जागी.

शिक्षक दुसरी फेरी पहिलीसारखीच करत होते: आधी उजवी मूठ उघडायची, दोन नाणी दाखवायची, मग डाव्या हातातले एक नाणे टाकायचे आणि उरलेले नाणे घेऊन तोच हात सदऱ्याच्या खिशाकडे, रुमालासाठी. चित्रीकरणात दर वेळी तो हात लुच्चा दिसायचा. रुमाल हळू काढून पाहिला, झटकन काढून पाहिला, बोलता बोलता काढून पाहिला. फरक नाही. शेवटी नाण्याच्या आवाजावर कान ठेवून क्रम तपासला तेव्हा कारण कळले. शेवटचा आवाज डावीकडे होत होता. नाणे पडल्याच्या आवाजाकडे डोळे वळणारच. म्हणजे नेमका ज्या हाताला पळ काढायचा आहे त्याच हाताकडे सगळ्यांना हाक मारून बोलावले जात होते, आणि वर त्या हाताला खिशात जायला काही कारणही नव्हते.

दुरुस्ती सोपी निघाली. फक्त दुसऱ्या फेरीत क्रम उलटायचा. आधी डावीकडून एक नाणे टाकायचे. एकच पडले, म्हणजे दुसरे गेले असणार, हा हिशेब लोक स्वतःच करतात आणि त्यांची उत्सुकता आपल्या पायांनी उजवीकडे जाते. डावा हात त्यांच्या लेखी संपलेला असतो. मग उजवी मूठ सावकाश उघडायची, दोन नाणी एकेक करून सुटी ठेवायची. आता शरीर मागे घ्यायचे. न्यूयॉर्कमध्ये गाजलेला इटालियन वंशाचा जादूगार स्लायडिनी याच्या कामाचा कणा हाच होता: कलाकार पुढे झुकला की लोक ताणतात, तो मागे रेलला की तेही सैलावतात. मागे रेलताना डावा हात मांडीवर जातो, जिथे कोणाही बसलेल्या माणसाचा हात जातोच, आणि बोटे सैल सोडली की नाणे सदऱ्याच्या घोळात उतरते. रुमाल नको, खिसा नको.

त्याच वेळी भाच्याला प्रश्न. प्रश्न कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. “कळलं का?” याला नुसते ‘नाही’ म्हणता येते आणि डोळे मोकळेच राहतात. “पहिलं नाणं गेलं तेव्हा आवाज आला होता का?” हा प्रश्न मुलाला आठवणीत पाठवतो. तो उत्तर शोधत असताना मामाच्या चेहऱ्याकडे बघतो आणि दोन सेकंद तरी बाकी काही टिपत नाही. तेवढे पुरतात.

नाणे बोटांतून सुटते ते मात्र कापडावरच सुटायला हवे. सदरा आखूड असेल तर ते चटईवर पडते आणि आवाज येतो. गुडघ्याच्या खाली जाणारा सदरा किंवा मांडीवर टाकलेला पंचा आवश्यक. सातवा आणि आठवा आठवडा या एकाच जागेवर गेला. दिवसाला २० वेळा, फक्त दुसऱ्या फेरीचा शेवट. हात मांडीवर नेणे आणि नाणे सोडणे या दोन क्रिया आहेत, त्या एकत्र केल्या की मनगटाला हिसका बसतो. आधी हात पूर्ण विसावू द्यायचा, मनात ‘एक’ म्हणायचे, मग बोटे सोडायची. हा एक ठोका राखायला शिक्षकांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण लपवलेली वस्तू लवकर टाकून मोकळे व्हावे अशीच हाताची ओढ असते.

तुळशीच्या लग्नाची रात्र

अंगणात लग्न लागले, आवळा-चिंचेचा प्रसाद आणि फोव म्हणजे पोहे वाटून झाले, माणसे ओसरीवर आली. मामा खाली बसले. पुढे तोच भाचा, शेजारी त्याची धाकटी बहीण, मागे पेजेपाण्याच्या गप्पा.

पहिली फेरी साफ गेली. दुसऱ्या फेरीत उजवीकडे बारीक आवाज झाला, दोन नाणी एकमेकांना लागली. भाच्याने लगेच उजव्या मुठीकडे पाहिले. चवथीच्या रात्रीचा मामा इथे गडबडला असता. आता बांधणी कामी आली. आवाजाला थांबून उत्तर द्यायचे नाही, लपवायला घाईही करायची नाही. डावीकडचे नाणे ठरल्याप्रमाणे पडले आणि दुसऱ्याच क्षणी उजवीकडे दोन निघाली. भाच्याला ऐकू आलेला आवाज त्याच्या दृष्टीने ‘नाणे आले तो आवाज’ ठरला. प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला, “पहिल्यांदा नाही आला, आता आला!” मागे आजी म्हणाली, “मलाही ऐकू आला.” तोवर डावा हात मांडीवर विसावलेला होता.

तिसऱ्या फेरीत डावी मूठ एकेक बोट करून उघडली. भाच्याने या खेपेला दुसरा हात मागितला नाही. तो डाव्या बाहीत हात घालून बघू लागला, मग चादर उचलून बघितली. दोन्ही ठिकाणी खरेच काही नव्हते, त्यामुळे त्याला मनसोक्त शोधू देता आले. आठव्या आठवड्यापर्यंतची सारी मेहनत याच एका सोयीसाठी होती. मग त्याने हट्ट धरला, “मामा, परत कर.” परत केले नाही. तोच प्रयोग त्याच माणसांसमोर त्याच रात्री केला, की उत्सुकतेची वाट आधीच ठाऊक असते आणि मोकळे डोळे सांध्याकडे वळतात.

एक दोष राहिला. चहासाठी उठताना सदऱ्याच्या घोळातले चौथे नाणे फरशीवर पडले आणि घरंगळत उंबऱ्याशी गेले. धाकट्या भाचीने ते उचलून मामाच्या हातात दिले. कोणालाही संशय आला नाही, कारण तोवर प्रकरण त्यांच्या दृष्टीने मिटलेले होते आणि बटव्यातून सुटे पडतातच. पण भाचा त्या क्षणी स्वयंपाकघरात गेलेला होता, आणि तो समोर असता तर त्याने नाणी मोजून हे चौथे पकडले असते. पुढच्या वेळेसाठी बदल ठरला आहे: तिसरी फेरी संपल्यावर तीनही नाणी मुलांच्या हातात बघायला द्यायची, ती सगळी डोकी नाण्यांवर वाकली की डाव्या हाताने मांडीवरचा पंचा गोळा करून, आतल्या नाण्यासकट, खांद्यावर न टाकता बाजूच्या पिशवीत ठेवायचा, आणि मगच उठायचे.